वाचकांचे प्रश्न : स्फोटातील इजा आणि रुग्णाचा प्रवास

स्फोटात जखमी झालेल्या रुग्णाला घटनास्थळावरून, किंवा एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवताना काय पाहावे आणि काय टाळावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे लिहिणाऱ्यांत रुग्णवाहिकेवरील कर्मचारी, अतिदक्षता विभागातील परिचारिका, एक सुरक्षा अधिकारी आणि एका रुग्णाचे नातेवाईक आहेत. त्यामुळे काही उत्तरे बरीच तांत्रिक झाली आहेत. औषधांच्या मात्रा आणि व्हेंटिलेटरचे आकडे दिशा दाखवण्यापुरते घ्यावेत. प्रत्यक्ष निर्णय आपल्या सेवेच्या वैद्यकीय प्रमुखांनी ठरवून दिलेल्या पद्धतीनुसारच व्हावेत.

प्रश्न : स्फोटानंतर अंगावर एकही जखम न दिसणारा माणूस थोड्याच वेळात अत्यवस्थ होतो, असे ऐकले आहे. हे कशामुळे होते? आणि बंद जागेतील स्फोट जास्त घातक का मानला जातो?
— एक सुरक्षा अधिकारी

उत्तर : आपण ऐकलेत ते खरे आहे आणि त्याचे कारण स्फोटाच्या दाबलहरीत आहे. टीएनटी, आरडीएक्स, डायनामाइट किंवा अमोनियम नायट्रेट आणि इंधन तेलाचे मिश्रण यांसारख्या तीव्र स्फोटकांचा स्फोट होतो तेव्हा त्यांचे रूपांतर एका क्षणात तप्त वायूत होते आणि त्या वायूच्या रेट्याने हवेत ध्वनीहून अधिक वेगाने जाणारी लहर उठते. ती एखाद्या ठिकाणी पोचताच तेथील दाब एकदम कळसाला जातो, काही सहस्रांश सेकंदांत उतरतो आणि नंतर थोडा वेळ भोवतालच्या हवेच्या दाबाच्याही खाली जातो. स्नायू किंवा यकृत यांसारखे भरीव, पाणीदार अवयव ही लहर बऱ्याच अंशी झेलू शकतात. पण ज्या अवयवांत हवा आणि नाजूक ऊती एकमेकींना लागून असतात, तेथे दोन्हींच्या सीमेवरच फाटाफाट होते. म्हणून कानाचा पडदा, फुप्फुसे आणि आतडी यांना या लहरीचा पहिला तडाखा बसतो. फुप्फुसाची इजा तोंडा-नाकावाटे दाब आत शिरल्यामुळे होत नाही, तर छातीच्या भिंतीवर लहर आदळल्यामुळे होते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते. त्वचेवर ओरखडाही नसताना आत रक्त साकळलेले असू शकते, ते त्यामुळेच.

ही झाली प्राथमिक इजा. उडालेल्या काचा, खिळे, धातूचे तुकडे आणि दगड-मातीने होणाऱ्या इजेला दुय्यम इजा म्हणतात, आणि स्फोटातून वाचलेल्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण तिचेच असते. माणूस फेकला जाऊन आपटणे ही तिसऱ्या प्रकारची इजा. इमारत कोसळून चिरडले जाणेही अनेक जण तिच्यातच धरतात. भाजणे, धूर, विषारी वायू आणि आधीच्या दम्यासारख्या आजाराने उचल खाणे हे चौथ्या प्रकारात येते. स्फोटकात मिसळलेली रसायने, किरणोत्सारी द्रव्ये किंवा जंतू यांच्यामुळे होणारा त्रास पाचव्या प्रकारात धरतात. परीक्षेसाठी ही विभागणी सोयीची असली तरी प्रत्यक्षात एकाच रुग्णात तीन-चार प्रकार एकत्र असतात, आणि डोळ्यांना दिसणारा प्रकार न दिसणाऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष करायला लावतो.

बंद जागेत लहर भिंतींवरून, छतावरून आणि कोपऱ्यांतून परत फिरते, एकावर एक लहरी साचतात आणि उंच दाब अधिक काळ टिकतो. इस्रायलमधील डॉक्टरांनी 1996 मध्ये उघड्यावरील आणि बसमधील बॉम्बस्फोटांची तुलना प्रसिद्ध केली. तीत उघड्यावर सापडलेल्यांपैकी सुमारे 8 टक्के, तर बसमध्ये सापडलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक दगावल्याचे आढळले. म्हणूनच रुग्ण स्फोटापासून किती अंतरावर होता, एवढेच विचारून थांबू नये. तो खोलीत होता की मैदानात, भिंतीला टेकून उभा होता का, आणि पाण्यात होता का, हेही विचारावे. पाण्यात ही लहर हवेतल्यापेक्षा खूप दूरवर घातक राहते आणि तेथे पोटाला होणारी इजा विशेष असते. बंदुकीची दारू किंवा पेट्रोलची वाफ यांसारखे पदार्थ वेगाने जळतात, पण तशी तीव्र लहर सहसा निर्माण करत नाहीत. त्यांच्या स्फोटात भाजणे, तुकडे लागणे आणि फेकले जाणे यांचाच भर असतो.

प्रश्न : घटनास्थळी पोचल्यावर सुरुवात कोठून करावी? आमच्या प्रशिक्षणात श्वासमार्ग आधी, असे शिकवले होते. आता रक्तस्राव आधी, असे सांगतात.
— रुग्णवाहिकेवरील एक कर्मचारी

उत्तर : सुरुवात स्वतःच्या सुरक्षिततेपासून करावी. दुसरा स्फोट, गळणारा वायू, कलती भिंत आणि तुटलेल्या विजेच्या तारा यांची खात्री पोलीस व अग्निशमन दलाकडून होईपर्यंत गाडी दूर, वाऱ्याच्या वरच्या दिशेला उभी करावी. बचावासाठी जमलेल्या लोकांना लक्ष्य करणारा दुसरा बॉम्ब ठेवल्याच्या घटना जगात वारंवार घडल्या आहेत.

रक्तस्रावाबद्दल नवे शिक्षण बरोबर आहे. हात किंवा पाय तुटलेल्या रुग्णाचा जीव काही मिनिटांत जाऊ शकतो, आणि रक्त थांबवण्याचा उपाय सोपा आहे. टूर्निके, म्हणजे हात किंवा पाय आवळून रक्त थांबवणारा पट्टा, जखमेच्या 5 ते 8 सेंटिमीटर वर, सांध्यावर न येऊ देता बांधावा आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत पिळावा. सैल टूर्निके नसण्यापेक्षा वाईट, कारण तो शिरा बंद करतो आणि धमनी चालूच ठेवतो. एकाने थांबत नसेल तर त्याच्या वर दुसरा बांधावा. बांधल्याची वेळ रुग्णाच्या अंगावरच ठळक लिहावी. जांघ, काख किंवा मान येथे टूर्निके बसत नाही; तेथे जखमेत खोलवर गॉज ठासून सतत दाब द्यावा. त्यानंतर श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण आणि मग थंडीपासून बचाव, असा क्रम धरावा. रुतलेली वस्तू उपटू नये, तिला आधार देऊन आहे तशी बांधावी. पोटातून आतडी बाहेर आली असतील तर ती आत ढकलू नयेत. निर्जंतुक ओल्या कापडाने झाकावीत.

एक गोष्ट पुस्तकांत क्वचित ठळक केलेली असते. स्फोटातून उठलेल्या पुष्कळांना काही काळ ऐकूच येत नाही. आपण "हात हलवा" म्हटल्यावर रुग्ण नुसता बघत राहिला, तर मेंदूला इजा झाली असे ठरवण्याआधी त्याच्या समोर जाऊन खुणेने किंवा लिहून विचारावे. हे केले नाही तर शुद्धीचे गुण उगाच कमी लागतात आणि गंभीर रुग्णांचा क्रम चुकतो.

प्रश्न : कानाचा पडदा शाबूत असेल तर फुप्फुसाला इजा नाही, असे समजून रुग्णाला सोडून दिले तर चालेल का?
— एक निवासी डॉक्टर

उत्तर : चालणार नाही. कानाचा पडदा साधारण 35 किलोपास्कल इतक्या जादा दाबाला फाटू लागतो आणि फुप्फुसाला इजा होण्यासाठी त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. त्यावरून पडदा शाबूत म्हणजे फुप्फुस शाबूत, हा तर्क निघाला. पण डोके कोणत्या दिशेला वळलेले होते, कानात मळ होता का, कानावर टोपी किंवा हात होता का, यावर पडद्याचे फाटणे अवलंबून असते. इस्रायलमध्येच झालेल्या आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्फोटातून वाचलेल्या 647 जणांपैकी 142 जणांचा फक्त कानाचा पडदा फाटला होता, आणि त्यांपैकी एकाच्याही फुप्फुसाची किंवा आतड्याची इजा नंतर उघड झाली नाही. याउलट 18 जणांच्या फुप्फुसाला इजा होती, पण पडदे शाबूत होते. म्हणजे हे लक्षण दोन्ही बाजूंनी फसवे आहे. निर्णय श्वसनाचा वेग, ऑक्सिजनचे प्रमाण, खोकला आणि छातीचा एक्स-रे यांवर घ्यावा. तक्रार नसलेल्या आणि एक्स-रे स्वच्छ असलेल्या रुग्णालाही, बंद जागेतील स्फोट असेल तर, निदान 4 ते 6 तास नजरेखाली ठेवावे.

फाटलेले बहुतेक पडदे आपोआप भरून येतात. कान कोरडा ठेवावा, पाण्याने धुऊ नये, आणि पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : बंद जागेतील स्फोटानंतर दम लागलेल्या रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात हलवायचे होते. निघताना रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण मास्कवर 91 टक्के होते. प्रवासात त्रास नको म्हणून निघण्याआधीच श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावावा, असा सल्ला आम्हाला मिळाला. हा सल्ला योग्य होता का? आणि असा रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर वाटेत काय सांभाळावे?
— अतिदक्षता विभागातील एक परिचारिका

उत्तर : एकाच रुग्णाविषयी दुरून निवाडा देणे योग्य नाही, पण या प्रश्नामागचा पेच नीट मांडता येतो, आणि स्फोटातील रुग्णाच्या प्रवासातला सर्वांत अवघड पेच हाच आहे.

ज्याला आपण सगळे ब्लास्ट लंग म्हणतो, त्यात फुप्फुसातील हवेचे सूक्ष्म कप्पे आणि त्यांना लगटून असलेल्या रक्तवाहिन्या एकाच वेळी फाटतात. कप्प्यांत रक्त भरते, ऊतींना सूज येते, हवा फुप्फुसाबाहेर छातीच्या पोकळीत निसटते, आणि कधी कधी हवेचा कप्पा व शीर यांच्यात थेट वाट तयार होते. धाप, कोरडा खोकला, थुंकीतून रक्त, छातीत दुखणे आणि घसरत जाणारा ऑक्सिजन ही लक्षणे बहुधा पहिल्या दोन तासांत दिसतात, तरी ती उशिराही येऊ शकतात. एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसांच्या मध्यभागाभोवती फुलपाखराच्या पंखांसारखी सावली दिसते. स्फोटानंतर लगेच काही क्षण श्वास थांबणे, नाडी मंद होणे आणि रक्तदाब कोसळणे ही तिन्ही एकत्र दिसू शकतात. ती व्हेगस या, मेंदूतून हृदय व फुप्फुसांकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या प्रतिक्षेपामुळे होतात. एवढ्या जखमांत नाडी मंद कशी, असा प्रश्न पडला तर हे आठवावे.

आता व्हेंटिलेटर. आपण स्वतः श्वास घेतो तेव्हा छातीत उणा दाब तयार होऊन हवा आत ओढली जाते; व्हेंटिलेटर तीच हवा दाबाने आत ढकलतो. फाटलेल्या फुप्फुसात दाबाने ढकललेली हवा दोन ठिकाणी जाऊ शकते. ती छातीच्या पोकळीत गेली तर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा कोंडणे) होतो, आणि हवा साचत जाऊन फुप्फुस व हृदय दाबले गेले तर तो ताणाचा न्यूमोथोरॅक्स; आणि फुप्फुसातून हृदयाकडे येणाऱ्या शिरेत शिरली तर हृदयाच्या डाव्या भागातून मेंदूच्या किंवा हृदयाच्याच धमन्यांत पोचते. म्हणून शुद्धीवर असलेल्या, बोलणाऱ्या आणि भरपूर ऑक्सिजनवर प्रमाण टिकवून धरणाऱ्या रुग्णाला केवळ प्रवासाच्या सोयीसाठी नळी घालण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. मात्र तोंडातून रक्ताची गुळणी येत असेल, शुद्ध हरपत असेल, चेहरा व घसा भाजून सूज वाढत असेल, किंवा रुग्ण श्वास घेऊन थकत चालला असेल, तर नळी निघण्याआधी, प्रकाशात आणि पुरेशा हातांच्या मदतीने घालावी. धावत्या गाडीत ती घालावी लागणे हा सर्वांत वाईट पर्याय. मास्कवर 91 हा एकटा आकडा यातला कोणताच निर्णय देत नाही. गेल्या अर्ध्या तासात तो चढत होता की घसरत होता, आणि प्रवास वीस मिनिटांचा आहे की तीन तासांचा, यावर उत्तर ठरते.

रुग्ण व्हेंटिलेटरवर असेलच, तर दाब शक्य तितका कमी ठेवावा. दर श्वासाचे आकारमान उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनाच्या प्रत्येक किलोला सुमारे 6 मिलिलिटर, आणि श्वास रोखून मोजलेला प्लॅटो दाब पाण्याच्या 30 सेंटिमीटरच्या आत असावा. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला तरी चालतो. मात्र डोक्याला मार असेल तर ही मुभा नाही, कारण तो वाढला की मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावून कवटीतील दाब वाढतो. हाताने फुगा दाबून श्वास देताना घाबरलेला माणूस जोरात आणि वेगात दाबतो, आणि घात बहुतेक तेथेच होतो. म्हणून रुग्णाला खाटेवरून गाडीत घेतानाही प्रवासी व्हेंटिलेटरच लावावा, आणि फुगा दाबावाच लागला तर एकाने मोठ्याने मोजत राहावे. वेदनेसाठी नायट्रस ऑक्साइडचे मिश्रण देऊ नये. ते अडकलेल्या हवेच्या पोकळीत शिरून ती फुगवते.

व्हेंटिलेटरचा दाब एकाएकी वाढला, एका बाजूची छाती हलेनाशी झाली आणि रक्तदाब पडला, तर एक्स-रेची वाट पाहू नये. त्या बाजूला तातडीने सुईने, किंवा छेद देऊन बोटाने, छातीत कोंडलेली हवा मोकळी करावी आणि नंतर छातीत नळी बसवावी. हे काम कोण करणार आणि साहित्य कोणत्या कप्प्यात आहे, हे निघण्याआधी ठरलेले असावे.

प्रश्न : वाटेत अशा रुग्णाची एक बाजू अचानक लुळी पडली. डोक्याला मार नव्हता. हे काय असू शकते?
— रुग्णवाहिकेवरील एक डॉक्टर

उत्तर : धमनीत हवा गेल्याचा संशय आधी घ्यावा, विशेषतः श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर लगेच असे घडले असेल तर. अचानक अंधत्व, झटके, छातीत दुखून ईसीजीत बदल किंवा थेट हृदय थांबणे याही रूपांत ते समोर येते. शंभर टक्के ऑक्सिजन द्यावा, व्हेंटिलेटरचे दाब आणखी उतरवावेत, रक्तदाब टिकवावा आणि रुग्णाला आडवा ठेवावा. डोके खाली करण्याची जुनी पद्धत मेंदूची सूज वाढवू शकते, म्हणून ती टाळावी. पुढील उपाय उच्च दाबाच्या ऑक्सिजन कक्षाचा असतो. तशी सोय असलेले केंद्र आवाक्यात असेल तर फोन वाटेतूनच करावा. मानेतील धमनी फाटणे आणि मेंदूतील रक्तस्राव या शक्यताही उरतातच, आणि त्यांचा निर्णय सीटी स्कॅनशिवाय होत नाही.

प्रश्न : रक्तदाब कमी असेल तर सलाईन किती द्यावे? एक ज्येष्ठ सहकारी सांगतात, भरपूर द्या. दुसरे सांगतात, अजिबात देऊ नका.
— रुग्णवाहिकेवरील एक कर्मचारी

उत्तर : दोघेही वेगवेगळ्या रुग्णांबद्दल बोलत असावेत. आत कोठेतरी रक्तस्राव चालू असलेल्या रुग्णाला बाटल्यांमागून बाटल्या दिल्या तर रक्त पातळ होते, थंड होते, जमलेल्या गुठळ्या सुटतात, आणि इजा झालेल्या फुप्फुसात पाणी साचते. अशा रुग्णाला मनगटाची नाडी लागेल आणि वरचा रक्तदाब 80 ते 90 च्या आसपास राहील इतकेच थोडे थोडे, दर वेळी 250 मिलिलिटरच्या हप्त्याने द्यावे, आणि रक्त उपलब्ध असेल तर सलाईनऐवजी रक्तच द्यावे. डोक्याला मार असेल तर मात्र हे गणित उलटते. वरचा रक्तदाब 110 च्या खाली जाऊ देऊ नये, कारण कमी दाबाचा थोडा काळही इजा झालेल्या मेंदूला महागात पडतो. दोन्ही एकत्र असतील तर मेंदूच्या बाजूने निर्णय द्यावा.

ट्रानेक्झामिक आम्ल या, गुठळ्या टिकवून रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाचा 1 ग्रॅमचा पहिला डोस दहा मिनिटांत शिरेतून देता येतो, पण तो इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-2 या मोठ्या अभ्यासात तीन तासांनंतर दिलेल्या औषधाने रक्तस्रावामुळे होणारे मृत्यू वाढल्याचे दिसले, म्हणून वेळेचा हिशोब चुकवू नये.

चिरडलेल्या रुग्णाचा प्रश्न वेगळा आहे. तासन्‌तास ढिगाऱ्याखाली दबलेला पाय मोकळा झाल्याबरोबर मेलेल्या स्नायूंतील पोटॅशियम रक्तात येते आणि हृदय थांबू शकते. तेथे सलाईन आधी सुरू करून मग वजन उचलावे, ईसीजी सतत पाहावा आणि पोटॅशियमपासून हृदयाला सांभाळणारे कॅल्शियमचे इंजेक्शन हाताशी ठेवावे. आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या "भरपूर द्या" या सांगण्याचे मूळ बहुधा अशाच रुग्णांत असेल. त्या सलाईनमध्ये पोटॅशियम असता कामा नये. मोठ्या भाजलेल्या रुग्णालाही द्रव लागतात, पण घटनेनंतरच्या पहिल्या तासात भाजल्यामुळे रक्तदाब कोसळत नाही. कोसळला असेल तर दुसरीकडे रक्तस्राव शोधावा.

प्रश्न : धुराने भरलेल्या जागेतून काढलेल्या रुग्णाचे ऑक्सिजनचे प्रमाण 99 दिसत होते, तरी तो गोंधळलेला होता. यंत्र बिघडले होते का?
— एक प्रथमोपचार स्वयंसेवक

उत्तर : यंत्र बिघडले नव्हते, त्याची मर्यादा दिसली. बोटाला लावायचा साधा पल्स ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने बांधलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनने बांधलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. धुराचा इतिहास आणि गोंधळ, डोकेदुखी किंवा उलटी असेल तर आकडा कितीही छान दिसला तरी शंभर टक्के ऑक्सिजन मास्कने सुरू करावा; साध्या हवेत रक्तातील जो कार्बन मोनॉक्साइड अर्धा होण्यास चार-पाच तास घेतो, तो शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तासात अर्ध्यावर येतो. प्लॅस्टिक आणि फोम जळलेल्या जागेत सायनाइडचीही शंका घ्यावी. रक्तदाब कोसळलेला आणि रक्तातील लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन वापरता येत नसल्याची खूण) फार वाढलेले असेल तर हायड्रॉक्सोकोबालामिन हा सायनाइडवरचा उतारा देतात.

प्रश्न : स्फोटातील रुग्णाला हेलिकॉप्टरने किंवा विमानाने न्यायचे असेल तर कोणती काळजी घ्यावी? उंचीमुळे फुप्फुस फुटते, अशी भीती नातेवाईक व्यक्त करतात.
— हवाई रुग्णवाहिका सेवेतील एक परिचारिका

उत्तर : भीतीला आधार आहे, पण ती नेमक्या ठिकाणी असावी. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो आणि कोंडलेला वायू प्रसरण पावतो. बॉइलचा हा नियम सतराव्या शतकापासून माहीत आहे. दाबनियंत्रित विमानाच्या केबिनमधील दाब बहुधा समुद्रसपाटीपासून 1800 ते 2400 मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो, आणि त्या वरच्या मर्यादेला शरीरात कोंडलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. जमिनीवर कोणाच्याही लक्षात न आलेला लहानसा न्यूमोथोरॅक्स वर गेल्यावर रुग्णाचा श्वास कोंडू शकतो, तो त्यामुळे. हेलिकॉप्टरमध्ये केबिनचा दाब नियंत्रित नसतो. पण ते कमी उंचीवरून उडत असेल तर फुगवटाही कमी असतो, डोंगराळ वाटेवर मात्र तो हिशोबात धरावा लागतो.

म्हणून न्यूमोथोरॅक्स असेल तर छातीत नळी निघण्याआधीच बसवावी. नळीला पाण्याच्या बाटलीऐवजी एकेरी झडप आणि पिशवी जोडलेली असली तर प्रवासात सोयीचे पडते, कारण बाटली कलंडते. कोणत्याही परिस्थितीत नळीला चिमटा लावू नये. उचलताना-ठेवताना बाटलीतले पाणी छातीत जाईल या धास्तीने लावलेला चिमटा काढायचा राहून जातो. श्वासनलिकेतील नळीच्या कफमध्येही, म्हणजे नळीभोवतीच्या छोट्या फुग्यातही, हवाच असते. चढताना ती फुगून श्वासनलिकेच्या अस्तरावर दाब देते आणि उतरताना आकसून गळती होते, म्हणून कफचा दाब मापकाने पाण्याच्या 20 ते 30 सेंटिमीटरमध्ये राहील असा, चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा तपासावा. मोडलेल्या हाता-पायाला आधार देणारे, हवेने फुगवायचे स्प्लिंट असतील तर तोच नियम. जठरात नळी घालून ती मोकळी ठेवावी. पोटात हवा निसटलेली असेल, कवटीत हवा असेल किंवा फुटलेल्या डोळ्यात हवेचा बुडबुडा असेल, तर आधी शस्त्रक्रिया करणाऱ्यांशी बोलावे. उडावेच लागले तर वैमानिकाला केबिनचा दाब समुद्रसपाटीजवळ ठेवण्याची विनंती करता येते. त्यासाठी विमान खालून उडवावे लागते, इंधन जास्त लागते आणि हवेचे धक्केही जास्त बसतात, पण काही रुग्णांसाठी ही किंमत योग्य असते.

फुगण्याइतकाच महत्त्वाचा दुसरा मुद्दा ऑक्सिजनचा आहे. 2400 मीटरच्या केबिनमध्ये साधी हवा घेणे म्हणजे जमिनीवर 15 ते 16 टक्के ऑक्सिजनच्या हवेत श्वास घेण्यासारखे असते. जमिनीवर 60 टक्के ऑक्सिजनवर जेमतेम तग धरणाऱ्या रुग्णाला वर तेवढाच परिणाम साधण्यासाठी 80 टक्क्यांच्या आसपास लागेल, आणि जो जमिनीवरच शंभर टक्क्यांवर आहे त्याच्यासाठी वर काहीच शिल्लक उरत नाही. अशा रुग्णासाठी दोन तास लागले तरी रस्ताच बरा, असे मला वाटते. ऑक्सिजनच्या टाक्यांचा हिशोब करताना नेहमी प्रवासाच्या दुप्पट वेळ धरावा.

आवाजात स्टेथोस्कोपचा उपयोग होत नाही. छातीची हालचाल डोळ्यांनी, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडची रेषा पडद्यावर आणि जमल्यास छातीची सोनोग्राफी यांवर विसंबावे. कानाचा पडदा फाटलेल्या रुग्णाला उतरताना कानात दडे बसून होणारा त्रास उलट कमी होतो, हे त्याला सांगितल्यास त्याची एक काळजी मिटते.

प्रश्न : माझा भाऊ बंद खोलीतील गॅसच्या स्फोटात फेकला गेला. दोन दिवसांनी त्याला घरी सोडले. आता त्याचे पोट दुखते आणि अंगात थोडा ताप आहे. वाट पाहावी का?
— एक वाचक

उत्तर : वाट पाहू नये. आपल्याला स्वतंत्रपणे तसे कळवले आहे. इथे ते इतरांसाठी लिहितो. गॅसच्या स्फोटात तीव्र दाबलहर कमी असली तरी बंद खोलीत दाब वाढतोच, शिवाय आपटल्यानेही पोटाला मार बसतो. दोन्ही प्रकारांत आतड्याच्या भिंतीत, विशेषतः मोठ्या आतड्यात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, रक्त साकळते. तो भाग कमकुवत होऊन काही दिवसांनी फाटू शकतो, म्हणून पहिल्या दिवशीची तपासणी आणि स्कॅन चांगले असले तरी विषय संपत नाही. वाढत जाणारी पोटदुखी, ताप, उलटी, पोट कडक होणे, शौचातून रक्त, तसेच वृषणात दुखणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. जाताना काही खायला-प्यायला देऊ नये, आणि स्फोटाची तारीख व वेळ डॉक्टरांना न विचारता सांगावी, कारण साध्या पोटदुखीच्या रांगेत ही माहिती कोणी विचारत नाही.

प्रश्न : अनेक जखमी असलेल्या घटनेत जवळचे रुग्णालय आधीच भरून जाते आणि गंभीर रुग्ण नंतर पोचतात. असे का? आणि रुग्ण सुपूर्द करताना काय सांगावे?
— नियंत्रण कक्षातील एक कर्मचारी

उत्तर : चालता येणारे जखमी रुग्णवाहिकेची वाट पाहत नाहीत, मिळेल त्या वाहनाने जवळच्या रुग्णालयात जातात. ढिगाऱ्याखालचे आणि स्ट्रेचरवरचे रुग्ण त्यानंतर येतात, तोवर खाटा आणि डॉक्टर गुंतलेले असतात. म्हणून गंभीर रुग्णांपैकी ज्यांना वाटेत सांभाळता येईल त्यांना थोड्या लांबच्या केंद्रांत वाटून पाठवणे, आणि रक्तस्राव न थांबणाऱ्याला जवळच्या शस्त्रक्रियागृहासाठी राखणे, हे आपल्या कक्षाचे काम आहे. काचांच्या जखमांकडेही लक्ष असावे. कॅनडातील हॅलिफॅक्स येथे 6 डिसेंबर 1917 रोजी बंदरात जळणारे, स्फोटकांनी भरलेले जहाज पाहायला लोक खिडक्यांशी उभे होते, आणि स्फोटानंतर शेकडो लोकांच्या डोळ्यांत काचा शिरल्या. डोळा फुटल्याचा संशय असेल तर त्यावर दाब न येईल असे कडक झाकण ठेवावे, पट्टी दाबून बांधू नये, आणि उलटी थांबवण्याचे औषध द्यावे.

सुपूर्द करताना स्फोट उघड्यावर होता की बंद जागेत, रुग्ण किती अंतरावर होता, ढिगाऱ्याखाली किती वेळ होता, धुरात किती वेळ होता, टूर्निके व ट्रानेक्झामिक आम्ल किती वाजता, ऑक्सिजनची गरज निघताना किती होती आणि आता किती आहे, आणि दाबाने श्वास देणे कधी सुरू केले, एवढे एका मिनिटात सांगावे. त्यानंतर तेच कागदावर लिहून द्यावे, कारण त्या मिनिटात ऐकणारा माणूस आणि तासाभराने रुग्णाला शस्त्रक्रियागृहात नेणारा माणूस बहुधा वेगळे असतात. रुग्णाच्या शरीरात दुसऱ्या जखमीच्या हाडाचे तुकडे घुसलेले असण्याची शक्यता असेल तर तेही सांगावे. हिपॅटायटिस बीच्या लसीचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.